पीसीसाठी गेम कंट्रोलर : लॅमिंग्टन रोडच्या काउंटरवर करायची पारख

लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, गेम कंट्रोलर मागितला की दुकानदार 'पीसी का मोबाइल?' एवढेच विचारतो आणि 'पीसी' म्हणताच काउंटरखालून पाच-सहा खोके काढून समोर मांडतो. त्यांतला सर्वांत स्वस्त हजाराच्या आतला असतो, सर्वांत महाग पाच-सहा हजारांचा असतो, आणि तो पीसीवर चालतो असे प्रत्येक खोक्यावर छापलेले असते. हे विधान खोटे नसते, पण अपुरे असते. यूएसबी केबल जोडल्यावर विंडोज त्या वस्तूला ओळखते, एवढीच हमी त्यात असते. खेळ तिला ओळखतो की नाही हा निराळा प्रश्न आहे, आणि घेणाऱ्याचे पैसे बहुधा तिथेच अडकतात. माझ्या भाच्याला त्याच्या कॉलेजच्या लॅपटॉपवर फुटबॉल आणि मोटारशर्यतींचे खेळ खेळण्यासाठी कंट्रोलर हवा होता. त्या निमित्ताने तीन प्रचलित कंट्रोलर मी दुकानात आणि नंतर घरी नीट वापरून पाहिले. त्यांची ही समीक्षा.

आधी मूळ मुद्दा. विंडोजमध्ये कंट्रोलर आणि खेळ यांच्यात संवाद होण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. डायरेक्टइनपुट ही १९९०च्या दशकातली जुनी पद्धत. तिच्यात कंट्रोलर आपली बटणे नुसत्या क्रमांकांनी कळवतो आणि तीन नंबरच्या बटणाने चेंडू मारायचा की गाडी थांबवायची, हे खेळाने किंवा खेळणाऱ्याने ठरवायचे असते. स्टिअरिंग व्हील किंवा विमानांच्या खेळांतल्या जॉयस्टिक यांसारख्या, बटणांची संख्या आणि मांडणी प्रत्येकाची वेगळी असणाऱ्या उपकरणांसाठी ती आजही सोयीची आहे. दुसरी पद्धत एक्सइनपुट. मायक्रोसॉफ्टने ती २००५ मध्ये आलेल्या एक्सबॉक्स ३६० या आपल्या गेम कन्सोलच्या कंट्रोलरसाठी आणली. तिच्यात साचा ठरलेला आहे : दोन स्टिक (अंगठ्याने फिरवायच्या दांड्या), दोन ट्रिगर (तर्जनीने दाबायच्या कळा), चार दिशांचे डी-पॅड (अधिकचिन्हाच्या आकाराचे बटण), ए-बी-एक्स-वाय ही चार बटणे आणि बाकीची मोजकी बटणे. साचा ठरलेला असल्यामुळे खेळ बनवणाऱ्याला कंट्रोलर कोणत्या कंपनीचा आहे याची चिंता उरत नाही, आणि म्हणूनच त्यानंतरच्या काळातले पीसीवरचे बहुतेक खेळ हाच साचा गृहीत धरून लिहिलेले आहेत. केवळ डायरेक्टइनपुट जाणणारा कंट्रोलर अशा खेळाला जोडला तर विंडोजच्या यादीत त्याचे नाव दिसते, त्यावरचा दिवा लागतो, आणि खेळ मात्र ढिम्म हलत नाही. दुकानात परत गेल्यावर 'हमारे यहाँ तो चल रहा था' हे उत्तर मिळते आणि तेही खरे असते, कारण दुकानदाराने विंडोजची यादीच दाखवलेली असते.

तेव्हा काउंटरवर पहिला प्रश्न एकच विचारावा : 'एक्सइनपुट आहे का?' बऱ्याच स्वस्त कंट्रोलरांत दोन्ही पद्धती असतात आणि मधले होम बटण काही सेकंद दाबून धरले की एकीतून दुसरीत जाता येते. ही सोय असेल तर ती दुकानदाराकडून प्रत्यक्ष करून घ्यावी.

दुकानातल्या पीसीवर तपासणीचीही एक रीत आहे. विंडोजच्या शोधपेटीत यूएसबी गेम कंट्रोलरची सेटिंग उघडली की एक जुनाट दिसणारी खिडकी येते, तिच्यात प्रत्येक बटणाला लाल दिवा आणि स्टिकसाठी चौकोनात एक छोटे अधिकचिन्ह दिसते. स्टिक पूर्ण फिरवून सोडल्यावर ते चिन्ह तडक मध्यावर यायला हवे. ते रेंगाळत असेल किंवा कोपऱ्याकडे कलून बसत असेल तर तो नग घेऊ नये. याच खिडकीत एक गंमत आहे, जिच्यामुळे चांगले कंट्रोलर विनाकारण नाकारले जातात. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरचे दोन्ही ट्रिगर या जुन्या खिडकीत एकाच पट्टीवर दाखवले जातात, डावा दाबला की पट्टी एका बाजूला सरकते, उजवा दाबला की दुसऱ्या, आणि दोन्ही एकदम दाबले की ती मध्यावर येऊन स्थिर राहते. हा दोष नव्हे. एक्सइनपुटने वाचणाऱ्या खेळाला दोन्ही ट्रिगर स्वतंत्रच मिळतात, फक्त ही खिडकी डायरेक्टइनपुटच्या चष्म्यातून पाहत असते.

आता प्रत्यक्ष कंट्रोलरांकडे वळू.

लॉजिटेकचा एफ३१० हा तिघांतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जुन्या घडणीचा. तो केबलचा आहे, त्यात कंपन नाही, आणि स्टिक जरा ताठ वाटतात. तरीही सुसंगततेच्या बाबतीत त्याने जे साधले आहे ते अनेक महागड्या नव्या कंट्रोलरांना जमलेले नाही : त्याच्या पाठीवर 'एक्स' आणि 'डी' अशी दोन खुणांची एक सरकती कळ आहे. नवा खेळ असेल तर ती 'एक्स'वर, एक्सइनपुटच्या आधीचा एखादा खेळ बाहेर काढला असेल तर 'डी'वर, इतका सरळ हिशेब. कुठले सॉफ्टवेअर उतरवायला नको, की होम बटण दाबून धरण्याची कसरत नको. 'मोड' असे लिहिलेल्या बटणाकडे मात्र लक्ष असावे. ते चुकून दाबले गेले की डावी स्टिक आणि डी-पॅड यांची कामे आपसांत बदलतात, शेजारी हिरवा दिवा लागतो आणि कंट्रोलर बिघडला असे वाटू लागते. पुन्हा तेच बटण दाबले की सर्व पूर्ववत होते. ज्याला अधूनमधून खेळायचे आहे आणि टेबलाशीच बसायचे आहे, त्याला हा पुरेसा आहे. कंपनाची सवय असलेल्याला तो कोरडा वाटेल.

एक्सबॉक्सचा २०२० साली आलेला वायरलेस कंट्रोलर हा पीसीसाठीचा सर्वांत बिनत्रासाचा पर्याय आहे आणि त्याचे कारण उघड आहे : विंडोजही त्याच कंपनीची. विंडोज १० किंवा ११ असलेल्या संगणकाला केबलने जोडला की ड्रायव्हरची शोधाशोध करावी लागत नाही, आणि खेळात पडद्यावर 'ए दाबा' असे आले की हाताखाली 'ए'च असतो. ट्रिगर हळूहळू दाबता येतात, त्यामुळे शर्यतीत गाडीचा वेग बोटाच्या दाबाने कमीजास्त करता येतो. यात अंगची बॅटरी नाही, दोन पेन्सिल सेल लागतात. अनेकांना हे मागासलेले वाटते, मला ते सोयीचे वाटले, कारण सेल संपले तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतात आणि कंट्रोलरचे आयुष्य आतल्या बॅटरीच्या आयुष्याशी बांधलेले राहत नाही. पावसाळ्यात तो बरेच दिवस वापरायचा नसेल तर मात्र सेल काढून ठेवावेत; गळलेल्या सेलने धातूच्या पट्ट्या खराब होतात. याचे डी-पॅड दाबताना टकटक असा स्पष्ट आवाज येतो. दहा बाय बाराच्या खोलीत घरचे झोपलेले असताना खेळणाऱ्याने हे लक्षात घेतलेले बरे.

जुना एक्सबॉक्स कंट्रोलर वापरलेला घेणार असाल तर एक खूण पाहावी. एक्सबॉक्स वनबरोबर २०१३ मध्ये आलेल्या पहिल्या कंट्रोलरांत ब्लूटूथ नव्हते, ते २०१६ मध्ये वन एसच्या कंट्रोलरपासून आले. मधल्या चमकत्या बटणाभोवतीचे प्लॅस्टिक वरच्या कडेच्या, म्हणजे खांद्यावरच्या, बटणांना जोडून आलेले वेगळे चकचकीत असेल तर तो ब्लूटूथ नसलेला. तेच प्लॅस्टिक पुढच्या भागासारखे एकसंध असेल तर ब्लूटूथ असलेला. ब्लूटूथ नसलेला कंट्रोलरही वाईट नाही, पण तो केबलने वापरावा लागतो किंवा मायक्रोसॉफ्टचा वेगळा वायरलेस अडॅप्टर घ्यावा लागतो, हे भाव करण्यापूर्वी माहीत हवे.

सोनीचा ड्युअलसेन्स, म्हणजे प्लेस्टेशन ५चा कंट्रोलर, हातात घेतल्यावर तिघांत सर्वांत देखणा आणि सर्वांत अवघड. पकड सुरेख, डी-पॅड शांत, बॅटरी आत असल्यामुळे सेलची कटकट नाही. पण तो एक्सइनपुटचा साचा पाळत नाही. स्टीम या ऑनलाइन खेळ-दुकानावरून घेतलेल्या खेळांत ही अडचण जवळजवळ जाणवत नाही, कारण स्टीम स्वतःच मध्ये दुभाष्याचे काम करते आणि खेळाला तो एक्सबॉक्सचा कंट्रोलर असल्याचे भासवते. मायक्रोसॉफ्ट स्टोअर किंवा गेम पास या मायक्रोसॉफ्टच्या वर्गणीच्या सेवेवरून घेतलेल्या खेळांत ती सोय मिळत नाही, तिथे डीएसफोरविंडोजसारखे वेगळे सॉफ्टवेअर बसवावे लागते. ते बसवल्यावर स्टीममधली सोय चालूच राहिली तर एकच कळ दोनदा दाबल्यासारखी वाटते, मेनूत एक ओळ खाली जायचे तर दोन ओळी खाली जातो. दोहोंपैकी एक बंद करणे हाच त्यावर उपाय. ट्रिगरचा दाब खेळानुसार कमी-जास्त होण्याची त्याची गाजलेली करामत पीसीवर फक्त ती सोय मुद्दाम दिलेल्या खेळांत मिळते, आणि त्यांतही बहुतेकदा केबल जोडलेली असतानाच. केबल जोडली की आणखी एक गोष्ट होऊ शकते : कंट्रोलरवर हेडफोनची जागा असल्यामुळे विंडोज त्यालाच ध्वनीचे साधन समजते आणि स्पीकर अचानक गप्प होतात. टास्कबारवरच्या आवाजाच्या चिन्हातून स्पीकर पुन्हा निवडला की काम भागते, पण पहिल्या वेळी माणूस स्पीकरची वायर हलवत बसतो.

ज्याच्या घरी प्लेस्टेशन ५ आहे त्याने पीसीसाठी दुसरा कंट्रोलर घेण्याचे कारण नाही. क्रिएट आणि पीएस ही बटणे एकत्र दाबून धरली की दिवा लुकलुकू लागतो आणि ब्लूटूथच्या यादीत तो सापडतो. केवळ पीसीसाठी नव्याने घ्यायचा असेल तर मी त्याची शिफारस करणार नाही.

निन्टेन्डो स्विचचा प्रो कंट्रोलरही काही ठिकाणी पीसीसाठी म्हणून पुढे केला जातो. त्याचे ट्रिगर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद एवढेच जाणतात, त्यामुळे शर्यतींच्या खेळांसाठी तो बाद.

वायरलेसविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण मुंबईतल्या इमारतींत हा प्रश्न अधिक छळतो. ब्लूटूथ काय आणि कंट्रोलरबरोबर येणारा, यूएसबीत खोचायचा छोटा डोंगल काय, दोघेही साधारणपणे २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींच्या पट्ट्यात चालतात, आणि एकाच मजल्यावरच्या चार-सहा घरांतले वाय-फायही त्याच पट्ट्यात गर्दी करून असतात. त्यात यूएसबी ३.० चे (बहुधा निळे) पोर्ट आणि केबल याच पट्ट्यात गोंगाट पसरवतात, हे इंटेलने २०१२ मध्येच प्रसिद्ध केलेल्या टिपणात दाखवून दिले आहे. म्हणून डोंगल संगणकाच्या मागे, निळ्या पोर्टात आणि बाहेरच्या हार्ड डिस्कशेजारी खोचला की बटण दाबल्यावर खेळाडू उशिरा हलतो किंवा अधूनमधून हलतच नाही. लहानशी एक्स्टेंशन केबल घेऊन डोंगल टेबलावर समोर आणून ठेवला तर बहुतेक तक्रार तिथेच संपते. सुटे भाग जोडून बनवून घेतलेल्या डेस्कटॉपमध्ये ब्लूटूथ असेलच असे नाही, हेही आधी पाहावे. आणि केबलने जोडणार असाल तर जुन्या मोबाइलच्या चार्जरची केबल गृहीत धरू नये. अशा कित्येक केबलींत फक्त विजेच्या तारा असतात, माहितीच्या नसतात, त्यामुळे कंट्रोलर चार्ज होतो पण संगणकाला दिसत नाही.

टिकाऊपणाचा विचार करता सर्वांत आधी दगा देतात त्या स्टिक. एक्सबॉक्स आणि ड्युअलसेन्स या दोन्हींच्या नेहमीच्या कंट्रोलरांत स्टिकखाली घासत फिरणारा संपर्क असतो. तो झिजला की हात न लावताही खेळाडू आपोआप एका बाजूला चालू लागतो. हॉल इफेक्ट स्टिकमध्ये चुंबक आणि संवेदक एकमेकांना स्पर्श करत नाहीत, त्यामुळे ही झीज टळते. एटबिटडू आणि गेमसर यांसारख्या कंपन्या आता मध्यम किमतीतही अशा स्टिक देऊ लागल्या आहेत. रोज तास-दोन तास खेळणाऱ्याने एक्सइनपुट आणि हॉल इफेक्ट या दोन गोष्टी एकत्र मिळत असतील तर नावाजलेल्या ब्रँडचा मोह सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पकडीवर मऊ रबराचा लेप असलेले कंट्रोलर मात्र मी टाळतो. आपल्याकडच्या दमट हवेत तो लेप काही वर्षांत चिकट होऊ लागतो आणि मग पुसून जात नाही.

खरेदीच्या वेळी 'टेस्टिंग वॉरंटी' हे शब्द कानी पडले तर त्याचा अर्थ असा की काउंटरवर चालला तो चालला, पुढे जबाबदारी तुमची. प्लेस्टेशन ४च्या कंट्रोलरच्या नकला या बाजारात मुबलक मिळतात आणि हजार-बाराशेला 'ओरिजिनल जैसा ही है' म्हणून विकल्या जातात. त्यांचा टचपॅड किंवा हेडफोनची जागा अनेकदा नुसती दिखाऊ असते, आणि पीसीवर दुभाषी सॉफ्टवेअर त्यांना ओळखेल याची खात्री देता येत नाही. खोक्यावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असणे कायद्याने बंधनकारक आहे. ती नसेल तर कंपनीच्या सेवा केंद्रात दाद लागणे कठीण. पक्के जीएसटी बिल मागितल्यावर किंमत थोडी वर सरकते, ती देऊन टाकावी आणि बिलावर मॉडेलचे नाव लिहून घ्यावे. रविवारी इथली बहुतेक दुकाने बंद असतात, आणि शनिवारी संध्याकाळच्या गर्दीत कोणी पीसी मोकळा करून देत नाही, तेव्हा आठवड्यातला एखादा दुपारचा वार ठरवून ग्रँट रोड स्थानकावरून चालत यावे.

भाच्यासाठी आम्ही अखेर एक्सबॉक्सचा कंट्रोलर घेतला. त्याच्या लॅपटॉपमध्ये ब्लूटूथ आहे, खेळ निम्मे स्टीमवरचे आणि निम्मे गेम पासवरचे आहेत, आणि मित्र आले की त्यांच्यासाठी घरात जुना एफ३१० केबलसह तयारच आहे. दोन्ही एकाच साच्याचे असल्यामुळे फुटबॉलच्या खेळात कोण कोणत्या कंट्रोलरवर बसला, याने बटणांच्या मांडणीत काही फरक पडत नाही.