आरव्हीचं डिपॉझिट चावी हातात यायच्या आधीच गेलेलं होतं

डिसेंबरची सुट्टी जवळ आली की ह्यूस्टन, ऑस्टिन, सॅन अँटोनियोकडच्या आपल्या लोकांत साउथ पाद्रे आयलंडचे बेत सुरू होतात. आम्हीही गेलो. बेट सुंदर आहे, त्याबद्दल काही तक्रार नाही. तक्रार आहे ती ज्याच्याकडून आरव्ही, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घेतली त्या मालकाबद्दल, आणि त्याने आमचं 1,500 डॉलरचं डिपॉझिट ज्या रीतीने गिळलं त्याबद्दल. आमच्या आधी त्याने आणखी एका कुटुंबाला तीच फाटकी ऑनिंग (गाडीच्या बाजूला उघडणारं कापडी छप्पर) दाखवून पैसे काढले होते, हे मागाहून कळलं. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी हा धंदा हिवाळ्यातच का फोफावतो ते सांगते. साउथ पाद्रे टेक्सासच्या पार दक्षिण टोकाला, ब्राउन्सव्हिलजवळ आहे. एका बाजूला मेक्सिकोचं आखात, दुसऱ्या बाजूला लगुना माद्रेची उथळ खाडी. उत्तरेत बर्फ पडत असतो तेव्हा इथे ताडाच्या झाडांखाली अर्ध्या बाह्यांच्या शर्टात बसता येतं. मिनेसोटा, आयोवाकडची निवृत्त मंडळी आरव्ही घेऊन येतात आणि महिनोन् महिने राहतात. त्यांना इथे ‘विंटर टेक्सन’ म्हणतात. आरव्ही उभ्या करायच्या पार्कमधल्या चांगल्या जागा त्यांनी कधीच धरून ठेवलेल्या असतात. त्यातच शाळांना सुट्टी लागली की भाड्याच्या आरव्हीही मिळेनाशा होतात. माणूस घाईत असतो, आणि नेमकी ती घाईच या लोकांना हवी असते.

आई-बाबा भारतातून आलेले. बाबांना फार वेळ बसवत नाही, मधूनमधून आडवं व्हावं लागतं. ह्यूस्टनहून बेट पावणेचारशे मैलांच्या आसपास आहे, त्यामुळे आरव्हीच बरी पडेल असं ठरलं. एका मोठ्या भाड्याच्या साइटवर फोर्डच्या चासीवरची क्लास सी गाडी मिळाली. पुढे ड्रायव्हरच्या डोक्यावर बेड, मागे मोठा पलंग, फोटो स्वच्छ, रिव्ह्यू चांगले. मालकाशी साइटच्या चॅटमध्ये बोलणं सुरू झालं आणि दुसऱ्याच मेसेजमध्ये त्याने फोन नंबर दिला, तोही आकड्यांत नाही, अक्षरांत लिहून. साइटचा फिल्टर आकडे अडवतो, म्हणून ही युक्ती. फोनवर म्हणाला, “साइटची सर्व्हिस फी तुम्हीही भरता, मीही भरतो. थेट बुक करा, ते पैसे दोघांचे वाचतील.” भाडं आणि डिपॉझिट दोन्ही झेलवर, म्हणजे बँक खात्यातून थेट दुसऱ्याच्या खात्यात पैसे पाठवायच्या सेवेवर, मागितलं.

हे ऐकायला इतकं रास्त वाटतं की कुणीही हो म्हणेल. पण ती फी कशाची असते ते बघा. साइटवरून बुकिंग केलं की पैसे साइटच्या हातात राहतात, डिपॉझिटवरून वाद झाला तर दोन्ही बाजूंचे फोटो तिसरं माणूस बघतं, आणि त्या ट्रिपपुरता गाडीचा विमा असतो. बाहेर पडलात की तिन्ही गोष्टी एकदम जातात. आपल्या रोजच्या गाडीची पॉलिसी परक्याच्या मोटरहोमला सहसा लागू होत नाही, आणि मालकाच्या खासगी आरव्ही पॉलिसीत गाडी भाड्याने दिली असेल तर बहुधा संरक्षण नसतं. म्हणजे आम्ही सहा जण एका अवजड गाडीतून विम्याशिवाय हायवेवर होतो. डिपॉझिटपेक्षा मला आजही याचाच राग जास्त येतो.

आता ताबा घेतानाची गोष्ट. सगळी फसवणूक इथेच रचली गेली. परतीच्या दिवशी फक्त वसुली झाली.

चारची वेळ दिली होती. मालकाचे मेसेज येत राहिले: ट्रॅफिक आहे, प्रोपेन भरतोय, दहा मिनिटांत आलो. तो आला तेव्हा अंधारून आलं होतं. डिसेंबरात ह्यूस्टनला साडेपाचच्या आत सूर्य मावळतो, आणि त्याने गाडी उभी केली तिथे दिवा नव्हता. आतलं सगळं मात्र अगदी मन लावून दाखवलं: शेगडी, फ्रिज, वॉटर हीटर, टँकच्या पातळ्यांची बटणं. बाहेर आल्यावर घाई. ऑनिंग उघडून दाखवा म्हटलं तर म्हणाला, “आत्ताच सर्व्हिस केली आहे, वारा आहे, आता नको.” मग एक कागद पुढे केला. त्यावर गाडीची चारी बाजूंची रेखाकृती होती आणि खाली आधीच छापलेलं, ‘कोणतंही नुकसान आढळलं नाही.’ नवऱ्याने फोन काढला तर म्हणाला, “मी दुपारी सगळे फोटो काढलेत, रात्री पाठवतो.” ते फोटो आजतागायत आले नाहीत.

एक गोष्ट मला तेव्हाच खटकली होती. झेलवर ज्या नावाने पैसे गेले ते नाव वेगळं, आणि ग्लोव्ह बॉक्समधल्या विम्याच्या कार्डावरचं वेगळं. विचारलं तर म्हणाला, भावाचं नाव आहे. पुढे कोर्टात दावा कुणाच्या नावाने लावायचा हा प्रश्न आला, तेव्हा या दोन नावांनी आमचे बरेच दिवस खाल्ले.

प्रवास छान झाला, तो थोडक्यात सांगते. व्हिक्टोरियावरून 77 नंबरचा हायवे धरला. किंग्जव्हिलनंतर किंग रँचच्या भागातून रस्ता जातो; रिव्हिएरा गाव सोडलं की रेमंडव्हिल येईपर्यंत साठेक मैलांत पंप किंवा दुकान जवळजवळ नाहीच. असली गाडी गॅलनला आठ-दहा मैलच देते, तेव्हा टाकी आधीच भरून घ्या. शेवटी पोर्ट इझाबेलहून क्वीन इझाबेला कॉजवेवरून बेटावर. त्या पुलावर उंच गाडीला वारा असा ढकलतो की स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरावं लागतं. बेटावरही वारा थांबत नाही, पतंग बांधून पाण्यावर सरकणारे लोक त्यासाठीच येतात. आणि त्या वाऱ्यामुळेच आम्ही ऑनिंग एकदाही उघडली नाही. हे वाक्य लक्षात ठेवा.

गाडी परत केली तीही संध्याकाळी, त्याच्याच सोयीने. मुलं झोपेला आलेली, आई-बाबा दमलेले. त्याने आत एक नजर टाकली, “ऑल गुड” म्हणाला, चाव्या घेतल्या, डिपॉझिट दोन दिवसांत परत करतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी फोटो आले. ऑनिंग पूर्ण उघडलेली आणि कापडात हातभर लांब, काटकोनात गेलेली फाट. सोबत बिल: ऑनिंगचं नवीन कापड आणि मजुरी, खाऱ्या हवेने ऑनिंगच्या दांड्यांच्या (हातांच्या) बोल्टना लागलेला गंज, ब्लॅक टँक (संडासाच्या मैल्याची टाकी) नीट रिकामी न केल्याची सफाई. एकूण 2,350 डॉलर. डिपॉझिट वजा जाता तुम्हीच आणखी 850 द्यायचे, असा मेसेज.

यानंतरचा डाव नीट समजून घ्या. नवऱ्याने फोन करून वाद घातला. तासाभराने मालकाचा आवाज एकदम मवाळ झाला. “तुमच्याबरोबर म्हातारी माणसं होती, मला कळतं. वरचे 850 सोडून देतो. इथेच मिटवू.” ऐकणाऱ्याला सुटल्यासारखं वाटतं. 850 वाचले म्हणून माणूस आभार मानून फोन ठेवतो आणि 1,500 त्याच्याकडे बिनबोभाट राहतात. ते 850 त्याला कधी हवेच नव्हते. ते सोडून देण्यासाठीच बिलात घातले होते.

माझं लक्ष मात्र त्या फोटोवरून हटेना. फाटीच्या कोपऱ्याला चिकटपट्टीचा पिवळट, वाळून कडक झालेला तुकडा होता. नव्या फाटीला जुनी चिकटपट्टी कशी असेल? मग मुलीच्या फोनमधला एक व्हिडिओ सापडला. जाताना व्हिक्टोरियाजवळ पेट्रोल भरायला थांबलो होतो तेव्हा तिने मैत्रिणींना दाखवायला आरव्हीभोवती फेरी मारली होती. त्यात ऑनिंगच्या हाताचे बोल्ट स्पष्ट दिसतात: तांबूस पापुद्रे सुटलेला गंज, आणि त्यावरून ओघळून वाळलेलं पांढरं सीलंट. बेट तिथून अजून काही तास लांब होतं. ब्लॅक टँकचं तर आणखी सोपं होतं. आरव्ही पार्कच्या डंप स्टेशनवर, म्हणजे मैला रिकामा करायच्या जागी, नवऱ्याने स्वतः टँक धुतली, आणि त्या टँकमधले सेन्सर कागद चिकटला की रिकामी टँकसुद्धा दोन-तृतीयांश भरलेली दाखवतात. आरव्ही वापरणाऱ्या कुणालाही विचारा.

दुसरा पुरावा ध्यानीमनी नसताना मिळाला. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला ही हकिगत सांगताना फोटो दाखवला, तर तो बघतच राहिला. त्याच्याकडे हाच फोटो होता. हाच म्हणजे तीच काटकोनी फाट, तीच चिकटपट्टी, मागे कुंपणाला लटकलेली तीच निळी पाण्याची नळी. त्यांनी आमच्या कित्येक महिने आधी तीच गाडी घेतली होती, आणि 1,200 डॉलर गमावून गप्प बसले होते. त्याची बायको म्हणाली होती, जाऊ दे, पोरांसमोर भांडण नको. ती त्यांची सज्जनता होती आणि हा माणूस नेमका तिच्यावर जगत होता.

पैसे परत मिळवायच्या वाटा सांगते, कारण त्या वेळी आम्हाला कुणी सांगितल्या नाहीत. बँकेने हात वर केले: झेलचे पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, ते चोरीत मोडत नाही. कायदाही तिथे फारसा मदतीला येत नाही. क्रेडिट कार्डाने दिले असते तर स्टेटमेंट आल्यापासून 60 दिवसांत डिस्प्यूट करता आलं असतं. हे लोक कार्ड का घेत नाहीत ते यातच आलं. भाड्याच्या साइटकडे तक्रार केल्यावर त्यांनी सुरुवातीचं चॅट बघून जाहिरात काढून टाकली, पण पैसे त्यांच्यामार्फत गेलेले नसल्याने परतफेड त्यांच्या हातात नव्हती. टेक्सासच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक तक्रार विभागात आणि एफटीसीकडे, म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या केंद्रीय संस्थेकडे, नोंद केली. त्याने पैसे येत नाहीत, पण नोंद राहते, आणि तीच माणसं पुन्हा सापडली की ती उपयोगी पडते.

खरा उपयोग झाला तो जस्टिस कोर्टाचा, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या स्थानिक कोर्टाचा. टेक्सासमध्ये 20,000 डॉलरपर्यंतचा दावा तिथे वकिलाशिवाय लावता येतो. ग्राहक संरक्षणाच्या कायद्याखाली, म्हणजे डीटीपीएखाली जायचं असेल तर दाव्याच्या 60 दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते. आम्ही सर्टिफाइड मेलने पत्र पाठवलं: व्हिडिओतली चित्रं, दोन्ही कुटुंबांना आलेले फोटो शेजारी शेजारी, रक्कम, मुदत. उत्तर आलं नाही. मुदत संपल्यावर दावा लावला, विम्याच्या कार्डावरच्या नावावरही आणि झेलच्या नावावरही. समन्स पोचल्यावर मात्र फोन वाजला. तारखेच्या आधी 1,100 डॉलरचा चेक आला आणि ‘केस मागे घ्या’ अशी विनंती. चेक घेतला, केस उरलेल्या रकमेसाठी चालू आहे. सहकाऱ्याच्या कुटुंबानेही आता नोटीस पाठवली आहे.

तुम्ही आरव्ही घेणार असाल तर ताबा उजेडात घ्या आणि ऑनिंग पूर्ण उघडायला लावा. मालक उघडत नसेल तर गाडी घेऊ नका, सुट्टी बुडाली तरी चालेल. स्लाइड-आउट, म्हणजे गाडीचा बाहेर सरकणारा भाग, आत-बाहेर करून बघा, छताचे कोपरे शिडीवरून बघा, ओडोमीटर आणि जनरेटरचा तासांचा मीटर दोन्हींचा फोटो घ्या. टायरवर DOT अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष: 2316 म्हणजे 2016 मधला तेविसावा आठवडा. इतका जुना टायर असेल तर नक्षी कितीही खोल दिसली तरी मुलांना घेऊन त्या गाडीत बसू नका. परत देतानाही हीच फेरी मालकाला सोबत घेऊन मारा आणि त्याची सही घ्या, मुलं कितीही कंटाळली तरी.

जागेचंही तसंच. बेटाच्या दक्षिण टोकाचं इझ्ला ब्लांका पार्क कॅमेरॉन काउंटीचं आहे, तिथली जागा काउंटीकडूनच बुक करा. “माझ्याकडे समुद्रासमोरची जागा राखून ठेवली आहे” असं सांगणाऱ्याला पैसे देऊ नका. आणि परतताना 77 वर सारिटाजवळ बॉर्डर पेट्रोलचा चेकपॉइंट लागतो, तिथे उत्तरेकडे जाणारी प्रत्येक गाडी थांबवतात. व्हिसावर असाल, आई-बाबा व्हिजिटर म्हणून आलेले असतील, तर सगळ्यांचे पासपोर्ट आणि आय-94 (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) पर्समध्ये ठेवा. आम्हाला काही अडचण आली नाही, पण कागद घरी ठेवून निघालेली कुटुंबं मी बघितली आहेत.

कुणाला अशीच काटकोनी फाट दाखवून पैसे मागितले गेले असतील, तर मालकाने पाठवलेला फोटो आणि मेसेज पुसू नका. आणि तुमच्या ट्रिपचे स्वतःचे फोटो-व्हिडिओ एकमेकांना व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवून भागणार नाही. तिथून नेहमीसारख्या पाठवलेल्या फोटोत काढल्याची तारीख सहसा राहत नाही. ज्या फोनने काढले त्यातच मूळ फाइल ठेवा, एक प्रत ईमेलने स्वतःला पाठवा, आणि तो फोन केस संपेपर्यंत विकू नका.