पहिलं पिस्तूल कोणतं: एअर की पॉइंट टू-टू?

नेमबाजी शिकायला येणाऱ्या अनेकांना थेट .२२ (पॉइंट टू-टू), म्हणजे काडतुसाचं पिस्तूल हाती हवं असतं. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकलं, तेव्हापासूनची ही ओढ मला समजते. तरी माझं मत ठाम आहे: सुरुवात १० मीटर एअर पिस्तुलानंच, म्हणजे हवेच्या दाबावर छर्रा सोडणाऱ्या पिस्तुलानंच करा.

एअरचा छर्रा ४.५ मिलिमीटरचा आणि निशाणाच्या मधलं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम साडेअकरा मिलिमीटरचं. झटका जवळजवळ नाहीच, त्यामुळे चूक लपत नाही. मनगट ढिलं पडलं किंवा ट्रिगर हिसकला, की छर्रा थेट सातवर. ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम, म्हणजे हलक्या दाबानंही सुटेल इतकं कमी. म्हणून नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर, ही सवय इथेच अंगवळणी पडते. गोळीविना ड्राय सरावही भरपूर होतो. मात्र आधी पिस्तूल रिकामं आहे ना, हे दोनदा बघायचं.

.२२ चा ट्रिगर किमान १ किलोचा. वर आवाज, झटका, शस्त्रपरवाना, काडतुसांचा खर्च. २५ मीटरच्या रॅपिड, म्हणजे वेगवान टप्प्यात तर खाली धरलेला हात उचलून ३ सेकंदांत एक गोळी झाडायची. नवखा आवाजाच्या धास्तीनं आधीच डोळे मिटतो. सगळ्यात नाजूक क्षण काडतूस न फुटण्याचा: हात आपसूक पिस्तूल वळवून बघायला जातो. तसं कधीच करू नका. नळी निशाणाकडेच ठेवा, अर्धा मिनिट थांबा, मोकळा हात वर करून प्रशिक्षकांना बोलवा.