पर्थच्या वाळूत ऑस्ट्रेलियन झुडपं: दोन उन्हाळे काढल्यावर

मे महिन्यात, पावसाने जमीन ओली केल्यावर लावलेली आठ झुडपं. मधे दोन कोरडे उन्हाळे गेले. नर्सरीच्या चिठ्ठीवर 'पाण्याशिवाय तगतं' असं लिहिलेलं असतं; ते बऱ्याच अंशी खरं ठरतं, पण दुसऱ्या उन्हाळ्यापासून. पहिल्या उन्हाळ्यात (इथे डिसेंबर ते फेब्रुवारी) पाणी द्यावंच लागतं.

आणि नुसतं देऊन भागत नाही, ते मुरावं लागतं. इथल्या वाळूच्या कणांवर मेणासारखा थर बसलेला असतो. नळी धरली की पाण्याचे थेंब पाऱ्यासारखे घरंगळतात; वर ओलं दिसतं आणि दोन बोटं उकरलं की खाली कोरडीठाक वाळू. त्यासाठी लावताना एकदा आणि नोव्हेंबरात पुन्हा वेटिंग एजंट (वाळूत पाणी मुरू देणारं द्रव्य) घालावा. भोवती हातभर रुंदीचं आळं करून आठवड्यातून एकदा 8 ते 10 लिटर पाणी सावकाश सोडावं, पारा 40 अंशांवर गेला तर दोनदा. रोज थोडंथोडं शिंपडलं तर मुळं वरच राहतात आणि जानेवारीत झाड कोलमडतं. दुसऱ्या वर्षी तीन आठवड्यांतून एकदा पुरलं.

आपल्या लोकांची हमखास चूक खताची. ग्रेव्हिलिया, बँक्सिया, हाकिया ही एकाच कुळातली झाडं. फॉस्फरस कमी असलेल्या जमिनीत वाढल्यामुळे त्यांची बारीक झुपकेदार मुळं मिळेल तेवढा फॉस्फरस ओढून घेतात. हाडांची पूड किंवा कोंबडखत घातलं की कोवळी पानं पिवळी पडतात, जुन्या पानांच्या कडा करपतात. त्याला उपासमार समजून माणूस आणखी खत घालतो, आणि झाड जातं. 3 टक्क्यांहून कमी फॉस्फरसचं, हळूहळू विरघळणारं खत वसंतात एकदाच, तेही पाकिटावर लिहिल्यापेक्षा कमी. मोगरा-कढीपत्त्याच्या खत घातलेल्या कुंड्यांचं पाणी इकडे वाहू देऊ नका.

'रॉबिन गॉर्डन' ग्रेव्हिलियाला जवळजवळ वर्षभर फुलं, त्यामुळे मध खाणारे पक्षी रोज हजर. छाटताना मात्र लांब बाह्या आणि हातमोजे हवेतच, कारण काहींच्या अंगाला चांगलीच खाज सुटते. जेराल्डटन वॅक्स वाळूतच खूश. बहर संपला की एक तृतीयांश छाटा, पण पानं नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत जाऊ नका, तिथून फूट येत नाही. वेस्ट्रिंगिया कुंपणाला उत्तम, कशीही कापा. रुपेरी लोकरी पानांच्या एरेमोफिला निव्हियाचं कलम घ्यावं, वरून पाणी मारू नये, आणि कलमाच्या सांध्याखालून आलेले फुटवे लगेच खुडावेत.

एक बँक्सिया गेली. आठवड्याभरात पानं फांदीवरच तपकिरी झाली. अचानक असं झालं तर फायटोफ्थोराचा संशय धरावा. हा मुळं कुजवणारा, बुरशीसारखा सूक्ष्मजीव मातीतून, बुटांतून, खुरप्यातून येतो. तो जमिनीतून हटवण्याचा उपाय नाही. तिथे पुन्हा बँक्सिया लावू नका, आणि अवजारं आधी घासून, मग मेथिलेटेड स्पिरिटने पुसून घ्या.

भोवती खुरपू नका, मुळं अगदी वर असतात. तण हाताने उपटा आणि लाकडाचा जाडसर भुसा 5 ते 7 सेंटिमीटर पसरा, खोडापासून वीतभर सोडून. बारीक भुसा नको, पाणी तोच पिऊन टाकतो.