ऑक्सफर्डच्या जुन्या कॉलेजात तीन टर्म राहिल्यावर

बी.सी.एल. (बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ; नाव बॅचलर, पण कायद्याचा मास्टर्स पातळीचा कोर्स) करायला ऑक्टोबरात आले, जूनमध्ये परीक्षा दिली. मधला सगळा काळ ऑक्सफर्डच्या एका चांगल्याच जुन्या कॉलेजात काढला. नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि माझ्या जिन्यावर जे होतं ते पलीकडच्या चौकात नसेलही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण अर्ज करणारे बहुतेक जण इथेच गोंधळतात. मास्टर्सवाल्यांची लेक्चर आणि सेमिनार फॅकल्टीत होतात, पदवी विद्यापीठ देतं. कॉलेज म्हणजे तुमची खोली, जेवण, ग्रंथालय आणि अडीनडीला धावून येणारी माणसं. त्यामुळे ‘सगळ्यात जुनं कुठलं’ हे शोधत बसू नका. तो वाद इथेही मिटलेला नाही. युनिव्हर्सिटी कॉलेज १२४९ सांगतं, बेलियल १२६३, मर्टन १२६४, आणि पहिलेपणाचा मान तिघांनाही हवा. ‘न्यू कॉलेज’ नावाचं कॉलेज तर १३७९चं आहे!

खोली. फोटोत अप्रतिम: दगडी चौकट, खाली हिरवळीचा चौक. जानेवारीत त्याच खिडकीतून वारा थेट पांघरुणात शिरायचा. अशा इमारती वारसा म्हणून संरक्षित असतात, त्यामुळे खिडकीला दुहेरी काच बसवायची तरी परवानगी लागते. हीटर ठरलेल्या वेळीच चालू, रात्री बंद. खोल्या लांब पॅसेजमध्ये नसून एकेका जिन्याभोवती असतात. माझं बाथरूम एक मजला खाली होतं. वर लिफ्ट नाही. गुडघे दुखत असतील किंवा चालायला त्रास असेल, तर खोली स्वीकारण्यापूर्वीच लिहून कळवा.

स्वयंपाकघर हा सगळ्यात मोठा तोटा. आमच्या जिन्यावर होतं एक छोटं फ्रिज, मायक्रोवेव्ह आणि किटली. बस. मोहरी तडतडायच्या आधी फायर अलार्म तडतडेल अशी अवस्था. रोजचं जेवण मग हॉलमध्ये. शाकाहारी पदार्थ रोज असतो, पण तो भोपळा आणि चीजच्या पलीकडे फारसा जात नाही. जेवणाचा आणि खोलीचा हिशेब टर्मच्या बिलात येतो, त्याला बॅटल्स म्हणतात. ते बिल पौंडातच वाचा, रुपयांत करत बसलात तर घास उतरणार नाही.

फॉर्मल डिनर मात्र एकदा तरी कराच. काळा गाऊन, लॅटिन प्रार्थना, वरच्या चौथऱ्यावर प्राध्यापकांचं हाय टेबल. भिंतीवरच्या तसबिरी बहुतेक पुरुषांच्या. तिथे बसून मला हटकून भारतातल्या पहिल्या महिला वकिलांपैकी एक, कॉर्नेलिया सोराबजी आठवायच्या. नाशिकला जन्म, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण, पुढे इथल्या सॉमरव्हिल कॉलेजात. १८९२ मध्ये त्यांनी हीच बी.सी.एल.ची परीक्षा दिली. पदवी हातात पडली १९२२ मध्ये, कारण बायकांना पदवी द्यायला विद्यापीठाने सुरुवातच १९२० मध्ये केली.

ग्रंथालयासाठी पैकीच्या पैकी गुण. कॉलेजचं ग्रंथालय रात्रभर उघडं, आणि नेमलेली पुस्तकं खोलीवर नेता येतात. हे महत्त्वाचं, कारण विद्यापीठाचं मुख्य ग्रंथालय, बॉडलियन, पुस्तक घरी देत नाही. १६४५ मध्ये खुद्द राजा पहिला चार्ल्सलाही दिलं नव्हतं. तिथे प्रवेश घेताना आत आग किंवा ज्योत पेटवणार नाही असं वचनही द्यावं लागतं. थंडीत बॉडलियनची लॉ लायब्ररी माझ्या खोलीपेक्षा उबदार होती, हे वेगळं सांगायला नको.

माणसांबद्दल. फाटकावरचे पोर्टर पार्सल सांभाळतात, किल्ली विसरलात तर मध्यरात्री दार उघडतात, आणि आठवड्याभरात तुमचं नाव बरोबर उच्चारायला लागतात. खोली साफ करायला येणाऱ्या स्काउटताईंनी मी दोन दिवस बाहेर पडले नाही हे सगळ्यांत आधी ओळखलं होतं. कुठल्याही वेबसाइटवर ही सोय लिहिलेली नसते.

टर्म आठ आठवड्यांची, आणि सगळं शहर तारखेऐवजी ‘तिसरा आठवडा’, ‘पाचवा आठवडा’ असं बोलतं. पाचव्यात सगळ्यांचीच बॅटरी उतरते. उन्हाळ्याच्या टर्मला त्याच आठवड्यात नौकांच्या शर्यती असतात. नदी अरुंद, शेजारी-शेजारी वल्हवायला जागा नाही, म्हणून नौका एकामागे एक सोडतात आणि पुढच्या नौकेला गाठून धडक द्यायची. मला धड पोहताही येत नाही, त्यामुळे मी काठावरून ओरडण्याचं काम केलं. कॉलेजमधली खरी ओळखपाळख तिथेच झाली, फ्रेशर्सच्या पार्ट्यांत नाही.

परीक्षेला गडद कपडे, पांढरा शर्ट आणि गाऊन सक्तीचा. कोटाला कार्नेशनचं फूल: पहिल्या पेपरला पांढरं, मधल्यांना गुलाबी, शेवटच्याला लाल. फुलं आणून द्यायचं काम मित्रांचं.

पुन्हा निवड करायची झाली तर मी हेच विद्यापीठ घेईन, पण कॉलेज असं, जिथे मास्टर्सच्या मुलांना वेगळी, नव्या बांधणीची इमारत आणि चार शेगड्यांचं स्वयंपाकघर मिळतं. अर्ज भरताना कॉलेजला तीन प्रश्न ईमेलने विचारा: करार किती महिन्यांचा, सुट्टीत खोली रिकामी करावी लागते का, आणि स्वयंपाकघर किती जणांत?