टेबलावर अडगाव मांडायचं की गाविलगड?

तालुक्याच्या गेमिंग मेळाव्यात छोट्या सैनिकांची ऐतिहासिक लढाई खेळवायची, तर 1803 च्या या दोन लढाया आपल्या वऱ्हाडातल्याच. प्रेक्षक ‘हे तर आपल्याकडचं!’ म्हणत टेबलाशी थांबतात.

अडगाव मांडायला सोपं. सपाट काळी जमीन, म्हणजे मातकट रंग मारलेली चादर पुरते. पण खेळ सपाट नाही. सिरसोली गावाजवळ नागपूरकर भोसल्यांच्या तोफा सुरू झाल्या आणि इंग्रज सेनापती वेलस्लीच्या तीन शिपाई पलटणी मागे पळाल्या. त्यानं स्वतः त्यांना सावरून पुन्हा उभं केलं. टेबलावर हा प्रसंग मनोधैर्याच्या फाशांवर ठरतो. फासा उलटला की इंग्रज खेळाडूची रांगच मोडते, आणि भोसल्यांकडून खेळणारं पोरगं खुर्चीवर उभं राहतं. मराठा घोडदळ भरपूर लागतं, तेवढे घोडे रंगवताना डोळे जातात. त्यावर उपाय म्हणजे 6 मिलिमीटरचे सैनिक.

गाविलगड दिसायला भारी. थर्माकोलचा दुहेरी कोट, खाली सातपुड्याच्या दऱ्या. फोटो सगळे त्याचेच काढतात. खेळायला मात्र एकमार्गी. इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हनसननं डोंगरातून ओढून आणलेल्या तोफा उत्तरेची तटबंदी फोडतात, मग शिडी लावून आतला कोट. किल्लेदार बेनीसिंगाच्या बाजूनं बसलेल्याला तोवर वाट बघण्याशिवाय काम नाही. शिवाय तो किल्ला एसटीतून न्यायचा कसा?

नवख्यांसाठी मी अडगावच मांडेन. गाविलगड मुरलेल्या दोघांना द्यावा, तोही जेवणानंतर, निवांत.