राजारामपुरीतलं मॅटर्निटी होम : बाळाइतकीच आईचीपण चौकशी करतात

माझी दुसरी डिलिव्हरी इथं झाली, नॉर्मल. पहिली कोल्हापुरातच पण दुसरीकडं झालेली, नाव घेत नाही, तिथं कळा सुरू असताना सिस्टर अंगावर ओरडल्या, आईला दाराबाहेरच थांबवलं आणि मुलगी झाली म्हटल्यावर आयाबाईंनी तोंड वाकडं केलं ते मी अजून विसरले नाही. म्हणून ह्यावेळी वागणूक कशी आहे ते चार जणींना विचारूनच नाव घातलं.

इथं तपासायच्या आधी मॅडम स्वतः पडदा ओढतात, अंगावर चादर घालतात आणि "आता तपासते हं, चालंल ना?" असं विचारतात, दरवेळी. आई लेबर रूममध्ये शेवटपर्यंत माझा हात धरून होती. जवळ आपल्या पसंतीचं माणूस असावं हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्येच सांगितलंय, सरकारच्या लेबर रूम सुधारायच्या 'लक्ष्य' कार्यक्रमातपण आहे, त्यामुळं हे लाड वगैरे काही नाहीत, प्रत्येक हॉस्पिटलात मागून घ्या. परत मुलगीच झाली, सिस्टर हसून म्हणाल्या "बघा कशी खणखणीत रडली!" पेढ्याचे पैसे कुणी मागितले नाहीत.

घरी आल्यावर पाचवीच्या आसपास मला विनाकारण रडू यायला लागलं, अळिवाची खीर समोर ठेवली तरी रडू. सासूबाई म्हणाल्या दृष्ट लागली असंल, मीठमोहऱ्या उतरल्या, मायेनंच केलं त्यांनी, पण मी फोन लावला तर मॅडमनी नीट समजावलं की हार्मोन्स एकदम खाली येतात, झोप नसते, पहिले दोन आठवडे असं बऱ्याच जणींना होतं, पण त्याच्यापुढं गेलं किंवा जिवाचं बरंवाईट करावं असं मनात आलं तर थांबायचं नाही, लगेच यायचं. मिस्टरांना वेगळं सांगितलं, रात्री एकदा तरी बाळाला तुम्ही घ्या, हिला सलग झोपू दे.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे बाळाच्या दीड महिन्याच्या लसीलाच आईकडून दहा प्रश्नांचा फॉर्म भरून घेतात. गेल्या सात दिवसांत हसू आलं का, उगाच भीती वाटली का, स्वतःला इजा करावी वाटली का असं सगळं त्यात आहे, आणि सासूला, नवऱ्याला बाहेर बसवून मगच देतात. मी खरं लिहू शकले ते त्यामुळंच. माझं ठीक निघालं, शेजारच्या बाळंतिणीला तिथंच समुपदेशक ताईंकडं पाठवलं.

तक्रार एकच, त्या ताई आठवड्यातनं एकदाच येतात, ते वाढवायलाच पाहिजे. मधल्या दिवसांसाठी टेली मानस ह्या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फाईलवर छापलाय, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. पार्किंगचे हाल आहेत, रिक्षानंच जावा.