कासव निवडण्याआधी तुमच्याकडची रात्र मोजा

कासव पाळायचं ठरलं की बहुतेक जण आकार आणि कवचावरची नक्षी बघतात. निवड ठरायला हवी ती हवेवरून: वर्षातल्या सर्वांत वाईट महिन्यात तुमच्याकडे रात्र किती गार होते आणि हवा किती दमट असते. दिवसाची ऊब दिव्याने देता येते, पण दमट हवा महिनोन् महिने कोरडी ठेवणं कुणालाच झेपत नाही. म्हणून किमान-कमाल तापमान नोंदवणारा थर्मामीटर आणि हवेतला दमटपणा मोजणारा हायग्रोमीटर, दोन्ही कासव राहणार त्याच जागी जमिनीलगत ठेवा. खिडकीच्या उंचीवरचा आकडा त्याच्या काही कामाचा नाही.

इथे फक्त जमिनीवर राहणाऱ्या कासवांचा विचार केला आहे. पाण्यातल्या कासवांचं सगळंच गणित वेगळं.

कडक हिवाळा असेल तर: हर्मन की हॉर्सफिल्ड

दोन्ही छोटी. पूर्ण वाढ साधारण 15 ते 20 सेंटीमीटर, हर्मनची पूर्वेकडची जात थोडी मोठी. दोन्ही रानटी पाला खातात, दोन्ही शीतनिद्रा घेतात, आणि नीट सांभाळली तर 50 वर्षं सहज जगतात. फरक पडतो तो ओलीमुळे. हर्मन भूमध्य सागराकाठचं, तिथले हिवाळे पावसाळी असतात, त्यामुळे थोडी ओल ते निभावून नेतं. हॉर्सफिल्ड, म्हणजे ज्याला रशियन कासव म्हणतात ते, मध्य आशियातल्या कोरड्या गवताळ पट्ट्यातलं. भिजलेल्या, गार मातीत ते राहिलं की नाकातून बुडबुडे येतात आणि पोटाकडचं कवच जागोजागी मऊ पडतं. शिवाय ते पट्टीचं खोदतं. कुंपण जमिनीखाली किमान 30 सेंटीमीटर गाडा. कोपऱ्यांवर आत झुकलेली फळी लावा, कारण चढायला ते कोपराच शोधतं. जाळी लावू नका. पलीकडचं दिसत राहिलं की दिवसभर तिलाच धडका देत फिरतं.

पाऊस पडणाऱ्या थंड भागात हर्मनच घ्यावं. हॉर्सफिल्ड खरोखर कोरड्या हवेसाठी. बाजारातली बरीच हॉर्सफिल्ड जंगलातून पकडलेली असतात आणि जंत बरोबर घेऊन येतात, हेही लक्षात ठेवा.

शीतनिद्रेत नवखे फसतात ते तापमानात. हवं असतं साधारण 5 अंश सेल्सियस, म्हणून अनुभवी लोक वेगळा फ्रिज वापरतात आणि दर एक-दोन दिवसांनी दार क्षणभर उघडून हवा बदलतात. शून्याखाली गेलं तर डोळे कायमचे जाऊ शकतात. 10 अंशांच्या वर राहिलं तर कासव धड झोपत नाही, धड खात नाही, आणि साठवलेली चरबी जाळत बसतं. निद्रेआधी दोन ते तीन आठवडे खाणं बंद, पण रोज कोमट पाण्यात डुंबणं चालू, कारण पोटात राहिलेलं अन्न कुजतं. आठवड्याला वजन करा. महिन्याला एक टक्क्याच्या आसपास घट चालते, त्याहून झपाट्याने उतरलं किंवा कासवाने लघवी केली तर त्याला उठवायचं. आजारी किंवा हलक्या वजनाच्या कासवाला त्या वर्षी झोपवूच नये. आणि तुमचा हिवाळा 12 ते 18 अंशांत रेंगाळत असेल, तर तो या दोघांनाही सर्वांत वाईट. मग फ्रिज तरी हवा, नाहीतर दिव्याखाली पूर्ण हिवाळा जागं ठेवण्याची तयारी.

उबदार आणि दमट: रेडफूट

इथे फार तुलना करायला नको. दक्षिण अमेरिकेतलं रेडफूट 70 ते 80 टक्के आर्द्रतेत आणि 26 ते 30 अंशांत खुशीत असतं. लांबी साधारण 30 ते 35 सेंटीमीटर. शीतनिद्रा घेत नाही, रात्रीही 20 अंशांच्या खाली जाऊ देऊ नये. प्रखर उजेड त्याला नको, दाट सावली हवी. बाकीच्या कासवांचं पोट ज्या फळांनी बिघडतं ती याला चालतात, अधूनमधून थोडं प्राणिज खाणंही. चूक एकच आणि ती सगळीकडे होते: आर्द्रता वाढवायची म्हणून जमीन चिखल करून ठेवतात. खालचा थर ओला, वरचा कोरडा असाच ठेवावा, नाहीतर पोटाकडचं कवच सडतं.

उष्ण आणि कोरडं: सल्काटा की लेपर्ड

सल्काटाचं पिल्लू तळहातावर मावतं आणि तिथेच माणूस हरतो. पुढे ते 50 किलोच्या घरात जातं, कधी त्याहूनही पुढे, आणि कित्येक मीटर लांब बीळ खणतं. भिंतीचा पाया पोकळ करणं त्याला काहीच नाही. अनेक ठिकाणच्या बचाव केंद्रांत न परवडलेली सल्काटा पडून असतात ती यामुळेच. लेपर्ड बहुधा 40 ते 45 सेंटीमीटरवर थांबतं आणि खोदत नाही, पण बुजरं असतं आणि गार ओल त्याला अजिबात सोसत नाही. मोठी मोकळी जमीन नसेल तर लेपर्ड. सल्काटा घ्यायचंच असेल तर तुमच्यानंतर कोण सांभाळणार हे आधी ठरवा. दोघांनाही मुख्य खाणं गवत आणि वाळलेला चारा, आणि थंड रात्रींसाठी थर्मोस्टॅट लावलेली उबदार खोपी.

स्टार कासव या यादीत नाही. 2019 पासून ते साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट एकमध्ये आहे आणि भारतात पाळणं गुन्हा आहे. बाकीच्यांसाठीही स्थानिक कायदा आधी पाहून घ्या.

जात कुठलीही असो

घरात ठेवणार असाल तर तापायच्या जागी 33 ते 35 अंश आणि दुसऱ्या टोकाला गारवा हवा, म्हणजे कासव आपली जागा आपण निवडतं. सावलीप्रिय रेडफूटला ती जागा थोडी सौम्य ठेवा. यूव्हीबी, म्हणजे उन्हात असतात तसे अतिनील किरण देणारी नळी साधारण वर्षाने बदलायची, कारण उजेड तसाच दिसतो पण यूव्हीबी घटत जातो. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन धरूच नका, काच यूव्हीबी अडवते. पिल्लांच्या कवचावर पिरॅमिडसारखे उंचवटे येतात ते मुख्यतः वाढीच्या काळात हवा कोरडी राहिल्याने. त्यामुळे वाळवंटी जातीच्या पिल्लालाही ओलसर मॉसची (शेवाळाची) लपायची जागा आणि रोज 15-20 मिनिटं कोमट पाणी द्यावं. पाणी हनुवटीच्या खालीच राहू द्या.

दत्तक घेताना

पिल्लापेक्षा मोठं कासव घ्या. त्याचा पूर्ण आकार डोळ्यांसमोर असतो आणि नाजूक वर्षं उलटून गेलेली असतात. हातात घ्या: आकाराच्या मानाने वजनदार लागलं पाहिजे. पाय हळूच ओढला तर जोरात आत घ्यायला हवा. डोळे उघडे, नाक कोरडं, शेपटीखालचा भाग स्वच्छ. देणाऱ्याला विचारा: मागचा हिवाळा कसा गेला, खाणं काय होतं, कागदपत्रं आहेत का, आधी कुठल्या कासवांसोबत होतं. घरी आणल्यावर विष्ठा तपासून घ्या. पहिले काही दिवस खाल्लं नाही तर घाबरू नका, पण कोमट पाणी रोज द्या. हात लावल्यावर साबणाने धुवा, साल्मोनेला हा आजार पसरवणारा जिवाणू निरोगी दिसणाऱ्या कासवातही असतो.

घरात आधीचं कासव असेल तर नव्याला सहा महिने वेगळं ठेवा, भांडी आणि टबही वेगळे. वेगवेगळ्या जाती तर कधीच एकत्र नकोत. ग्रीक कासव, ही आणखी एक जात, हर्पिस विषाणू अंगावर घेऊन वर्षानुवर्षं ठणठणीत दिसू शकतं, आणि त्याच्या शेजारचं हर्मन त्याच विषाणूने मरू शकतं.